सोलापूर ते गोवा : एक तास आणि एक वरवंटा

मडगाव, मंगळवार, जेवणं उरकल्यावर

ती. गोपाळदादास,

धाकट्या बहिणीचा, म्हणजे अनसूयेचा, वाकून नमस्कार. तुझी गुडघेदुखी, सकाळच्या ओळीने अकरा शिंका आणि समोरच्यांशी नळाच्या पाण्यावरून चाललेला वाद हे तिन्ही जागच्या जागी असतील असं धरून चालते. सोजरबाई दोन्ही वेळचा स्वयंपाक वेळेवर करून जात असतील. रक्तदाबाची गोळी रात्री घ्यायची आहे, सकाळी घेऊन 'दिवसभर झोप येते' म्हणून डॉक्टरांना नावं ठेवू नयेस. मी इथे खुशाल आहे असं लिहायची रीत आहे, पण मी खुशाल नाही. मी भयंकर चिडलेली आहे, आणि कुणावर चिडावं याची यादी इतकी लांबली की ती फोनवर सांगण्यासारखी राहिली नाही. शिवाय गोव्याचा नंबर दिसला की तू 'लांबचा फोन आहे, तुटतोय' म्हणून ठेवून देतोस. (तो तुटत नाही दादा. तू तोडतोस.) म्हणून हे पत्र.

तुला आपलं बोलणं आठवत असेलच, पण तू सोयीचं तेवढंच आठवतोस, म्हणून लिहून ठेवते. तुझा हृषीकेश चिंचोळी एमआयडीसीतली नोकरी सोडून इकडच्या औषधांच्या कारखान्यात आला त्याला अडीच वर्षं झाली. अडीच वर्षांत तू एकदाही त्याच्या घरी आला नाहीस, फोनवर बोलला नाहीस, आणि कुणी विचारलं की तुझं एकच उत्तर, 'गोवा लांब पडतो.' चिंचोळी लांब नव्हती, कारण तिथपर्यंत डबा गरम पोचायचा. केम लांब नाही, कारण तिथलं कुंकू तुला स्वतः पारखून आणायचं असतं आणि रेल्वेत खिडकीची जागा मिळते. गोवा मात्र लांब. मग आपल्या होटगी रोडच्या विमानतळावरून गोव्याचं विमान सुरू झालं आणि तुझं 'लांब' उघडं पडलं. मी इंटरनेटवरून छापून आणलेला कागद तुझ्यापुढे ठेवला : सोलापूर ते गोवा, हवाई अंतर तीनशे चार किलोमीटर, उड्डाणाचा वेळ सुमारे एक तास. तू चष्मा लावलास, कागद उलटा करून मागची कोरी बाजूही वाचलीस, आणि सोजरबाईंच्या साक्षीनं म्हणालास, "तू जाऊन दाखव तासात. पोचलीस तर नातवाला बघायला मीही येतो. नाही पोचलीस तर पुन्हा हा विषय काढायचा नाही." सोजरबाईंनी लाटणं खाली ठेवून "व्हय, म्या ऐकलं," असं म्हटलेलं आहे. ते नाकारू नकोस.

आता कागदाबद्दल. मी छत्तीस वर्षं भूगोल शिकवला. दोन गावांतलं अंतर नकाशावर दोरा लावून कसं मोजायचं, हे मी निम्म्या सोलापूरला शिकवलंय. त्यामुळे हृषीकेशनं फोनवर, त्याच्या कागदावर हेच अंतर तीनशे पस्तीस दिसतंय असं सांगितलं तेव्हा मी त्याला झापलं. म्हटलं, एकतीस किलोमीटरचा फरक म्हणजे मोजणाऱ्याचा दोरा सैल राहिला असणार. तो म्हणाला, "आत्या, तू नक्की बघितलंस ना?" मला! हा प्रश्न! त्याला मी अक्षांश आणि रेखांश खरबुजावर रेघा मारून शिकवले होते आणि ते खरबूज त्यानंच खाल्लं होतं. मी त्या एकतीस किलोमीटरांकडे दुर्लक्ष केलं. त्यांनी पुढे माझ्यावर कसा सूड घेतला ते ओघात येईलच.

तिकीट काढलं स्टेशनजवळच्या त्या प्रवास कंपनीत, पूनमकडे. (माझीच विद्यार्थिनी. अक्कलकोटकडची. नकाशात भारताखाली श्रीलंका काढायला दर वर्षी विसरायची.) तिला मी विचारलं की बारसं त्याच दिवशी आहे, मुहूर्त अकरा बावन्नचा आहे, उतरल्यावर मला पुरेसा वेळ आहे ना? ती संगणकाकडे बघत म्हणाली, "मोपा हाय की, बाई." मी निर्धास्त झाले. वेळ मोप आहे म्हणते पोरगी! तिच्या बोलण्यात काना जरा जास्त पडला असं मला वाटलं, पण सीमेवरची मुलं, कानडीच्या वळणानं बोलतात, शाळेत असताना मी कितीदा टोकलं असेल. या वेळी मुद्दाम टोकलं नाही. छत्तीस वर्षांत मी एका विद्यार्थिनीला एकदा टोकलं नाही, आणि त्याचं फळ असं मिळालं.

रविवारी पहाटे पाच चाळीसला मी भवानी पेठेतून निघाले. रिक्षा मडिवाळप्पाची. मी विमानतळ म्हटल्यावर त्यानं आधी माझ्याकडे, मग माझ्या पिशवीकडे बघितलं आणि विचारलं, "कुनाला सोडायचं हाय, आज्जी?" मीच जाणार म्हटल्यावर त्यानं रिक्षा बंद केली, खाली उतरला, पिशवी दोन्ही हातांनी उचलून आत ठेवली आणि म्हणाला, "एकट्या जाणार व्हय? लई भारी की! पन पिशवी लई जड हाय, दगड भरलाय का काय?" तू हे वाचताना विचारशील की पिशवीत काय होतं. सांगते, पण चिडायचं नाही. चिडायची पाळी या पत्रात माझी आहे.

बारशाला काय लागतं? पाळणा, घुगऱ्या, कुंची, बाळाच्या कानात नाव सांगायला आत्या, आणि वरवंटा. हृषीकेशला सख्खी बहीण नाही, म्हणून आत्याचा मान त्याच्या आत्याकडे, म्हणजे माझ्याकडे आला. कुंची मी शिवली. राहिला वरवंटा. त्याला कुंची घालून, तोच बाळ समजून, 'कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या' म्हणत पाळण्याच्या खालून-वरून फिरवायचा असतो हे तुला माहीत आहे. हृषीकेशच्या घरात मिक्सर तीन आहेत, वरवंटा नाही. त्याच्या सासूबाईंकडे, विजयमालाबाईंकडे, दगडी रगडा आहे, पण तो मागच्या अंगणात रोवलेला. तो पाळण्याखालून फिरवायचा तर आधी घर उचलावं लागेल. तेव्हा वरवंटा मी सोलापुरातून न्यायचं ठरवलं. कुठून मिळवला ते मागाहून.

माझी चूक असलीच तर इतकीच, की वाटेत धक्का लागून टवका उडू नये म्हणून मी त्याला कुंची घरीच घातली. टोपडं डोक्यावरून, नाड्या हनुवटीखाली. (वरवंट्याला हनुवटी नसते, पण बांधताना बरोबर सापडते.) वर दुपटं गुंडाळलं आणि हातातल्या पिशवीत उभा केला. तपासणीच्या पट्ट्यावर पिशवी आत गेली आणि पट्टा थांबला. पडद्यापुढे बसलेला माणूस उठून उभा राहिला. मग दुसरा आला. मग एक वर्दीतली बाई आली, तिनं पिशवी उघडली, दुपटं बाजूला केलं, टोपडं मागे सारलं आणि किंचाळायची राहिली. "माताजी, ये क्या है?" मी गडबडीत खरं तेच सांगितलं. म्हटलं, "गोपाळ." ती म्हणाली, कौन गोपाल? मी म्हटलं, अभी गोपाल है, बाद में मसाला पीसेगा. यात न कळण्यासारखं काय आहे, दादा? पण त्या बाईंच्या गावाकडे बारशी कशी करतात कोण जाणे. साडेचार किलोचा दगड हाती धरून विमानात बसता येत नाही, तो हत्यारात मोडतो, असं तिनं मला समजावलं. ज्यानं आपल्या घराला चार पिढ्या चटण्या खाऊ घातल्या तो हत्यार!

शेवटी मला परत मागे पाठवलं. सामान घेणाऱ्या खिडकीवर आपल्याकडचीच एक मुलगी होती. तिनं नुसतं बघून ओळखलं. "वरवंटा न्हवं का? बारसं हाय व्हय?" म्हणाली, आणि मला तिच्या गळ्यात पडावंसं वाटलं. तिनं पिशवीला पट्टी लावली, दोरा बांधला आणि वर लाल चिठ्ठी चिकटवली. त्या चिठ्ठीवर काचेच्या प्याल्याचं चित्र होतं. विचारलं तर म्हणाली, नाजूक वस्तू, जपून हाताळा. अरे, वरवंटा आणि नाजूक! तो पडला तर जमिनीला जपायला हवं. पण तिनं इतक्या मायेनं चिकटवली की मी काढू दिली नाही. ती अजून त्याच्या पोटावर आहे.

विमानाविषयी मला काही तक्रार नाही, आणि याचाच मला सगळ्यात जास्त संताप आहे. ते वेळेवर सुटलं. नऊला दहा कमी असताना चाकं जमिनीवरून सुटली आणि नऊ चोपन्नला टेकली. मी यांचं घड्याळ मनगटावर बांधून नेलं होतं आणि तळहातावर पेननं दोन्ही वेळा लिहिल्या होत्या. एक तास चार मिनिटं. (ती चार मिनिटं वरवंट्याच्या वजनाची असावीत.) खालून मडिवाळप्पा बघत असणार, तो विमान उडेपर्यंत जायचा नाही म्हणाला होता. मी खिडकीतून हातही हलवला. शेजारचे गृहस्थ शेंगाचटणीची पुडी सोडून वास घेत बसले होते. खाली आपली काळी जमीन, मग उसाचे हिरवे तुकडे, मग डोंगर, आणि एकदम झाडंच झाडं. मला तुझी फार आठवण झाली. खिडकीची जागा होती, दादा. तुला आवडलं असतं. असो, पुन्हा चिडते.

सामान घेऊन दहा वाजून पाच मिनिटांनी मी बाहेर आले आणि हृषीकेशला फोन लावला. तो म्हणाला, मी एक नंबरच्या दारासमोर उभा आहे. मीही एक नंबरच्या दारासमोरच उभी होते. म्हटलं, हात वर कर. त्यानं केला. मीही केला. कुणालाच कुणी दिसेना. मी म्हटलं, समोर चहाचं दुकान आहे. तो म्हणाला, हो, माझ्याही. डावीकडे नारळाची झाडं? आहेत. काजूची मोठी जाहिरात? आहे. निळ्या सदऱ्यातला माणूस ट्रॉल्या ढकलतोय? तो म्हणाला, हो, आत्ताच माझ्यासमोरून गेला. मी म्हटलं, माझ्याही! मग हा मुलगा मला दिसत का नाही? मी चहाच्या दुकानाला तीन प्रदक्षिणा घातल्या. त्यानंही घातल्या म्हणे. मग मी माझा फोन पहारेकऱ्याच्या हातात दिला, हृषीकेशनं त्याचा तिकडच्या पहारेकऱ्याला दिला, आणि ते दोघे 'मी इथेच आहे', 'मीही इथेच आहे' असं एकमेकांना हिंदीत दरडावू लागले. पाऊण तास गेला. शेवटी झाडू मारणारी एक म्हातारी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "बाय, हें मोपा."

मोपा! गोव्याला विमानतळ दोन आहेत, दादा. एक उत्तरेला, मोपा. दुसरा दक्षिणेला, दाबोळी. मी मोप वेळ घेऊन मोपाला उभी, आणि हृषीकेश मडगावला जवळचा म्हणून दाबोळीला. दोन्हीकडे एक नंबरचं दार, चहा, नारळ आणि काजू! एवढ्या लहान राज्याला दोन विमानतळ कशाला हवेत? आपण एकासाठी किती वर्षं आकाशाकडे डोळे लावून बसलो होतो! आणि मग मला ते एकतीस किलोमीटर आठवले. दोरा सैल नव्हता. तो दुसऱ्याच विमानतळाला लावलेला होता. पूनमनं काना जास्त दिला नव्हता, माझ्याच कानानं काढून टाकला होता. मी तिथेच पिशवीवर बसले. (वरवंट्यावर. त्यानं तक्रार केली नाही.)

हृषीकेश म्हणाला, मी घ्यायला येईपर्यंत मुहूर्त जाईल, तू टॅक्सी करून निघ, मी घरी पोचतो. टॅक्सीवाल्याचं नाव प्रभु. पन्नाशीचा, शांत, गणपतीच्या मूर्तीला रोज ताजं फूल घालणारा. मी त्याला सगळी हकिगत सांगितली तर तो नुसता "जातां, जातां" (म्हणजे 'होईल, होईल') म्हणत गाडी हाकत राहिला. पण रस्ता तो रस्ता. तीनशे किलोमीटर तासात आलेली मी पुढचे सत्तर किलोमीटर दोन तास येत होते. साडेअकरा झाले, पावणेबारा झाले. मग श्रावणीचा, सूनबाईचा, फोन आला की मुहूर्त साधायचा तर फोनवरूनच नाव सांगा. हृषीकेश फोन बाळाच्या कानाशी धरतो, आम्ही सगळ्या पाळण्याभोवती उभ्या आहोत, भटजी घड्याळ बघताहेत. बत्तीस वर्षांपूर्वी मी हृषीकेशच्या कानात 'कुर्र' करून नाव सांगितलं होतं तेव्हा त्यानं माझं बोट धरलं होतं. आणि आता फोनवर! पण मुहूर्त कुणासाठी थांबत नाही.

झुआरीच्या पुलाच्या अलीकडे अकरा बावन्न झाले आणि नेमकी तेव्हा रेंज जाऊ लागली. मी हॅलो हॅलो करत होते. (म्हणजे आपल्या घरातल्या या पिढीच्या पहिल्या बाळाच्या कानात पहिला शब्द गेला तो 'हॅलो'.) एका वळणावर आवाज स्वच्छ ऐकू आला. पुढे गेलो तर पुन्हा जाईल म्हणून मी टॅक्सीवाल्याला जिवाच्या आकांतानं ओरडून सांगितलं, "प्रभु! इथेच थांब!" आणि फोन बंद पडला. पुन्हा लागला तेव्हा पलीकडे टाळ्या, शंख आणि बायकांचा गलका चालला होता. विजयमालाबाई म्हणत होत्या, प्रभु! किती छान नाव शोधलंत हो आत्याबाई! भटजींनी राशीशी जुळवूनही टाकलं होतं. दादा, ठरलेलं नाव निहार होतं. मी ते विसरू नये म्हणून तळहातावर, विमानाच्या वेळांच्या खाली लिहिलं होतं.

एकला पाच कमी असताना मी दारात उभी राहिले. पाहते तर आतल्या बायकांनी वरवंटा आला नाही म्हणून मिक्सरच्या भांड्याला लोकरीची टोपी घालून पाळण्याखालून फिरवलेलं! मी जे बोलले ते इथे लिहीत नाही. प्रभुला जेवायला वाढलं, त्याला हकिगत कळली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. मग मी पदर खोचला आणि सांगितलं की हे बारसं नव्हे, ही रंगीत तालीम झाली. वरवंटा बाहेर काढला, लाल चिठ्ठीसकट पाळण्यापाशी आणला, सगळ्यांना म्हणायला शिकवलं आणि फिरवायला लावला. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या. इकडच्या बायकांचे गळे गोड आहेत. दोन वेळा नीट झालं. तिसऱ्यांदा 'गोपाळ घ्या' म्हटल्यावर माझं लक्ष हृषीकेशकडे गेलं. तो भिंतीशी उभा होता. तो बाहेर गॅलरीत निघून गेला.

मी मागोमाग गेले. तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "आत्या, बाबा काय म्हणाले होते?" मी त्याला तुझी अट सांगितली. एका तासात पोचले तर तू येणार, नाही तर विषय बंद. त्यानं घड्याळ बघितलं. घरापासून घरापर्यंत सात तास पंधरा मिनिटं झाली होती, हे त्याला तोंडी गणितात कळतं, तू शिकवलं आहेस. तो म्हणाला, "मग ते नाही येणार." एवढंच. मला फार वाईट वाटलं, दादा. आणि मग तुझा असा राग आला, असा राग आला, की त्या क्षणी तू समोर असतास तर मी थोरला-धाकटा बघितलं नसतं. नोकरी बदलली म्हणून का कुणी मुलगा बदलतं? अडीच वर्षं तू अंतर मोजत बसलास. सात तास पंधरा मिनिटं! इतक्या वेळात तुझं दाढी, अंघोळ आणि वर्तमानपत्रसुद्धा होत नाही.

तेव्हा आता अटीचा निकाल. कागदावर शब्द होता 'उड्डाणाचा वेळ'. तू तोच कागद हातात धरून अट घातलीस. उड्डाण म्हणजे चाक उचलल्यापासून चाक टेकेपर्यंत. तो वेळ एक तास चार मिनिटं आहे, माझ्या तळहातावर लिहिलेला आहे, आणि कागदावर 'सुमारे' असं छापलेलं आहे. पुढचा वेळ हा गोंधळाचा आहे, अंतराचा नाही. मी अट जिंकलेली आहे. सोजरबाईंना विचार.

प्रकृतीला जप. उत्तर पाठवू नकोस.

तुझी,
अनसूया

ता. क. हे सगळं इतकं खरं लिहायचं नव्हतं. हृषीकेशनं सांगितलं होतं, 'नुसतं पोचले, तास लागला, एवढंच लिही.' पण लिहायला बसले की मला राग आवरत नाही. आणि खरंच लिहायचं तर हेही लिहिते, की 'कुठल्या विमानतळावर येऊ?' असं त्यानं मला आदल्या दिवशी विचारलं होतं. मी म्हटलं होतं, 'गावाला विमानतळ एकच असतो, भूगोल मला शिकवू नकोस.' पूनमला हे कळवू नये.

ता. क. २. मी इथे सगळ्यांना सांगितलंय की फोनवरून सांगितलेलं नाव कच्चं असतं, आणि आपल्या घराण्याच्या रीतीप्रमाणे ते पक्कं व्हायला बाळाला आजोबांच्या मांडीवर ठेवून पुन्हा कानात सांगावं लागतं. भटजींनीसुद्धा मान डोलावली. अशी रीत आपल्याकडे नाही, हे तुला आणि मला दोघांनाच ठाऊक आहे. तोपर्यंत कुणी निहार म्हणतं, कुणी प्रभु म्हणतं, आणि बाळ दोघांकडेही बघत नाही. मी खोटं बोलले हे चारचौघांत सिद्ध करायची तुला हौस असेल, तर ते इथे येऊनच करावं लागेल. पुढच्या शुक्रवारचं तुझं तिकीट सोबत जोडलं आहे. जागा खिडकीची आहे.

ता. क. ३. स्वयंपाकघरातला वरवंटा दिसत नाही म्हणून एव्हाना तू सोजरबाईंना बोलला असशील. माफी माग. तो मी नेला. हृषीकेशच्या बारशाला वहिनींनी हाच माझ्या हातात दिला होता, मग दुसऱ्या कुणाचा आणणार? पाटा तिथेच राहू दे. तो आणायला गेलास तर पुन्हा सामानाची तपासणी, पुन्हा लाल चिठ्ठी. वरवंटा तुझ्याबरोबर परत येईल. येताना केमचं कुंकू तेवढं आण, इथलं मला पसंत नाही.

ता. क. ४. पाकीट चिकटवायच्या आधी हृषीकेशनं पत्र मागून घेतलं आणि खाली एक ओळ लिहिली. ती तुमची दोघांची आहे, मी वाचलेली नाही. (वाचली. शुद्धलेखन बरोबर आहे.)

बाबा, या वेळी मी मोपालाच उभा असेन. — हृषीकेश